दुसरें कलम कोणी वाचावें?

आमच्या जालना जिल्ह्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्यांस उचल मिळते ती जोडीस. वयांत आलेलीं, लग्न ठरलेलीं पण न झालेलीं दोघें एका कोपींत राहिलीं व मर्यादेनें राहिलीं, तर तें पाप काय?

आपल्याकडे ख्रिस्ती वस्ती आहे, म्हणून कॅथलिक धर्माचें उत्तर पाहूं. विवाहापूर्वीं ब्रह्मचर्य पाळावें, ही आज्ञा. ती पाळली तर एका छपराखालीं राहणें हा व्यभिचार नव्हे. मात्र मोहास जागा व इतरांस वाईट उदाहरण होऊं नये, म्हणून वेगळें राहावें. पण १९९२ च्या त्यांच्या धर्मशिक्षण-ग्रंथांत दुसरेंही कलम आहे: पुरेशा आधारावांचून शेजाऱ्याचा दोष खरा मानणें, हेंही पापच.

पहिलें कलम आमच्या गांवांस न शिकवितां येतें. दुसरें कोणी वाचीत नाहीं. आणि बोल लागतो तो मुलीस, मुलास नव्हे!

बंधूंनो, जोतीरावांच्या सत्यशोधक समाजानें १८७३ सालींच थोडक्या खर्चाचें लग्न लावून दाखविलें. कर्जाच्या भयानें लग्न अडलें असेल, तर तोंड चालविण्यापेक्षां गांवानें तें लावून द्यावें. मग कोणाचें ब्रह्मचर्य तपासावयास नको.