सेन्सर बोर्डची चिप बदलताना आधी शेतातील नेटवर्क तपासा

द्राक्ष बागेतील हवामान केंद्र असो वा जमिनीतील ओलावा मोजणारा सेन्सर, त्यातील मोबाईल चिपची नवी आवृत्ती आली की बोर्ड बदलण्याचा प्रस्ताव येतो. त्यावर खर्च करण्याआधी नेमके काय बदलते, हे पाहू.

नॉर्वेच्या नॉर्डिक सेमीकंडक्टर कंपनीची एनआरएफ 9160 ही कमी विजेवर चालणारी चिप आणि तिची नवी आवृत्ती एनआरएफ 9151 यांचे उदाहरण घेऊ. दोन्हींचा प्रोसेसर आणि मेमरी सारखीच आहे. नवी चिप आकाराने लहान आहे आणि नेटवर्कच्या पुढच्या मानकानुसार चालते. कमी शक्तीवर प्रक्षेपण करण्याची सोयही तिच्यात आहे. त्यामुळे माहिती पाठवताना बॅटरीवर येणारा क्षणिक ताण कमी होतो. मात्र चिप बदलल्याने ओलाव्याची किंवा पानावरील ओलेपणाची नोंद अधिक अचूक होत नाही. ती अचूकता सेन्सर आणि त्याच्या कॅलिब्रेशनवर ठरते.

नेटवर्कचा मुद्दा

या दोन्ही चिप साध्या 4जी किंवा 2जी नेटवर्कवर चालत नाहीत. त्यांना एनबी-आयओटी किंवा एलटीई-एम ही उपकरणांसाठीची खास सेवा लागते. म्हणून फोनला 4जी रेंज आहे एवढ्यावरून बोर्ड चालेल असे समजू नये. रेंज कमकुवत असेल तर एनबी-आयओटी चिप तोच संदेश पुन:पुन्हा पाठवते आणि बॅटरी लवकर उतरते. जाहिरातीतील बॅटरीचे आयुष्य चांगली रेंज गृहीत धरून सांगितलेले असते.

गाढ झोपेची मर्यादा

बॅटरी वाचते ती प्रामुख्याने चिप दोन संदेशांच्या मधल्या वेळेत गाढ झोपते म्हणून. या काळात तिच्यापर्यंत बाहेरून आदेश पोहोचत नाही. ओलाव्याच्या नोंदींसाठी हे चालते. पण मोबाईलवरून व्हॉल्व्ह लगेच बंद करायचा असेल, तर तो आदेश चिप पुढच्या वेळी जागी होईपर्यंत थांबतो.

बदलण्यापूर्वी

- विक्रेत्याला बोर्ड प्रत्यक्ष बागेत, पूर्ण विस्तारलेल्या कॅनॉपीत लावून दाखवायला सांगा.
- जुन्या नोंदी नव्या प्रणालीत मिळतील, हे लेखी घ्या.
- जुना आणि नवा बोर्ड 15 दिवस शेजारी चालवून नोंदी ताडून पाहा.
- हे काम ऑक्टोबर छाटणीच्या किमान महिनाभर आधी संपवा. पोंगा ते फुलोरा या काळात केवड्याचा धोका मोठा असतो. तेव्हा पान किती तास ओले राहिले याची नोंद तुटली, तर फवारणीचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागतो.

सध्याचा बोर्ड नियमित माहिती देत असेल आणि बॅटरी हंगामभर पुरत असेल, तर केवळ नव्या चिपसाठी खर्च करू नये. तोच पैसा आधी सेन्सरच्या कॅलिब्रेशनवर लावावा.