कोटेशनमधली शेवटची ओळ



येत्या सत्रात माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून शाळेत २० नवे कॉम्प्युटर घ्यायचे आहेत. त्यानिमित्ताने एक आग्रह मांडतो.

कॉम्प्युटर घेताना प्रोसेसर कोणता, रॅम किती, हे आपण बारकाईने विचारतो. कोटेशनमध्ये अगदी शेवटी एक ओळ असते : ‘कॅबिनेट, एसएमपीएससह’. ना कंपनीचे नाव, ना मॉडेल. माझे म्हणणे असे की, सर्वांत आधी बोट याच ओळीवर ठेवावे.

एसएमपीएस म्हणजे २३० व्होल्टच्या विजेतून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देणारा डबा. कॉम्प्युटरचा प्रत्येक भाग याच्याच हातचे खातो. हलका डबा बिघडला की कधीकधी मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कलाही सोबत नेतो. मग मुलांचे वर्षभराचे काम गेलेच समजा.

चांगला डबा ओळखायचा कसा? लेबलवर मोठ्या अक्षरांत ‘४५० वॅट’ असते, त्यावर जाऊ नका. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर किती अँपिअर आहेत ते बघा. आजच्या प्रोसेसरला मुख्यतः तिथूनच वीज मिळते. समजा १४ अँपिअर लिहिले आहेत, तर १२ गुणिले १४ म्हणजे फक्त १६८ वॅट. मग ४५० कुठे गेले? हा गुणाकार आपली पाचवीची मुलेही करतील.

दुसरी खूण ‘८० प्लस’ची. २००४ मध्ये सुरू झालेले हे प्रमाणपत्र सांगते की २०, ५० आणि १०० टक्के लोडवर किमान ८० टक्के वीज कामी येते. पण ते फक्त विजेच्या बचतीचे आहे. जास्त व्होल्टेज आणि शॉर्ट सर्किटपासून संरक्षण आहे का, लेखी वॉरंटी किती वर्षांची, हे वेगळे विचारावे लागते.

तिसरी गोष्ट लाइट जाण्याची. यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवरही साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. हलका धरत नाही आणि यूपीएस असूनही कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो.

काही जण म्हणतील, देणगीचा पैसा आहे, हात आखडता घ्या. पैसा देणगीचा आहे म्हणूनच मी हे म्हणतो. हिशोब करा : १०० वॅट लागणाऱ्या कॉम्प्युटरला ६५ टक्के क्षमतेचा डबा १५४ वॅट ओढतो, ८० टक्क्यांचा १२५. रोज ५ तास आणि वर्षाचे २०० दिवस धरले, तर २० कॉम्प्युटरवर ५८० युनिट वाचतात. एवढ्याने किमतीतला सगळा फरक भरून निघणार नाही, हे मान्य. पण दोन-चार मदरबोर्ड वाचले तरी निघेल. आणि ‘गोल्ड’च हवा असे नाही. साध्या कामाला लहान चालेल, फक्त आकडा खरा असावा. हिंदीत म्हणतातच, ‘महँगा रोए एक बार, सस्ता रोए बार-बार’.

म्हणून खरेदी समितीतील पालकांना विनंती : एसएमपीएसची कंपनी, मॉडेल, १२ व्होल्टचे अँपिअर आणि वॉरंटी ज्या कोटेशनमध्ये लिहिलेली नसेल, ते परत पाठवावे. आणि घरी मुलांना हा डबा उघडू देऊ नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज काही वेळ राहते.

– प्राचार्य