लीगल करा! पण नक्की काय?

प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक तरी असतोच. शुक्रवारची रात्र, दुसरा पिचर संपत आलेला, अप्रेझलचं रडगाणं गाऊन सगळे थकलेले... आणि मग आपला हीरो ग्लास खाली ठेवून जाहीर करतो, ‘‘यार, वीड लीगल करायला पाहिजे!’’ त्याचे मुद्दे तुम्हालाही पाठ असतील. कॅनडात लीगल आहे. शंकराला चालतं. दारू त्याहून वाईट. आणि सरकारला टॅक्स किती मिळेल, बॉस! टेबलावरचे सगळे माना डोलावतात, बिल येतं, विषय संपतो.

मी सहसा अशा वेळी फ्रेंच फ्राइज संपवत असते. पण गेले दोन महिने एका स्टोरीच्या निमित्ताने एनडीपीएस नावाच्या कायद्याच्या मागे लागले होते, त्यामुळे आता गप्प बसवत नाही. मंडळी, हीरोचं बरंचसं बरोबर आहे. पण तो ज्या टेबलावर बसून बोलतोय ना, तिथून निम्मी गोष्ट दिसतच नाही.

आधी थोडी शाळा. झाड एकच. त्याचा फुलोरा म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस आणि पानं म्हणजे भांग. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात नुसती पानं आणि बिया बंदीच्या बाहेर राहिल्या. १४ नोव्हेंबर १९८५ ला (हो, बालदिनालाच!) आपला एनडीपीएस कायदा लागू झाला, त्यातही तीच व्याख्या आली. म्हणून बनारसमध्ये भांगेचं सरकारमान्य दुकान असतं आणि त्याच झाडाचा शेंडा खिशात सापडला तर माणूस आत जातो. गांजा ओढला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एक किलोपर्यंत जवळ बाळगला तर कैद वर्षापर्यंत. वीस किलोच्या वर गेलात की किमान दहा वर्षं. पार्टीवाल्यांसाठी जास्तीची माहिती : एमडीएमएसाठी ही दहा वर्षांची रेषा दहा ग्रॅमवर आहे. किलो नाही, ग्रॅम.

आता गंमत ऐका. ‘भांग तर चालते ना’ म्हणून होळीला सोसायटीच्या गच्चीवर थंडाई घोटणाऱ्यांना हे माहीत नसतं, की आपल्या महाराष्ट्रात भांगेलाही परवाना लागतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याची कृपा! त्याच कायद्याने दारू प्यायलाही परमिट लागतं आणि हार्ड ड्रिंकसाठी वय पंचवीस पूर्ण लागतं. आमच्या हीरोचं वय चोवीस आहे. समोर व्हिस्की आहे. परमिट? तो शब्द त्याने फक्त ‘परमिट रूम’च्या पाटीवर वाचलाय. तुमच्यापैकी कितीजणांच्या पाकिटात आहे? हात वर करा. नाही ना? आणि तरी तुम्हाला कधी कुणी कोर्टात उभं केलं नाही.

म्हणजे कायदा पुस्तकात एक असतो आणि कुणाला लावायचा हे वेगळं ठरतं. मला या सगळ्या वादात ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती मला पुस्तकात नाही, कोर्टात कळली.

मुंबईतल्या एका मॅजिस्ट्रेट कोर्टात मी तीन दिवस मागच्या बाकावर बसून होते. सेवनाच्या केसेस भराभर पुढे येतात. एक रिक्षावाला. एक कुरियरवाला पोरगा. एक जण केटरिंगमध्ये भांडी घासणारा. आरोप जवळजवळ शब्दशः तोच : उघड्यावर चिलीम किंवा सिगारेटमधून गांजा ओढताना सापडला. ‘गुन्हा कबूल आहे?’ ‘हो.’ दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. पुढचा. एका केसला किती वेळ लागतो हे मी घड्याळ लावून पाहिलं. माझ्या कटिंग चहापेक्षा कमी. वकील बहुतेकांकडे नव्हताच. कबूल का केलं, असं मी त्या कुरियरवाल्याला बाहेर विचारलं. तो म्हणाला, ‘‘मॅडम, लढायचं तर पाच-सहा तारखा. प्रत्येक तारखेला खाडा. त्यापेक्षा दंड स्वस्त.’’ हिशोब बरोबर होता त्याचा. फक्त पुढच्या नोकरीच्या वेळी पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये हे निघालं तर काय, याचा विचार त्याने केलेला नव्हता. मी बोलल्यावर त्याचा चेहरा उतरला आणि मला उगीच बोलले असं झालं.

माझे तीन दिवस म्हणजे काही संशोधन नव्हे. पण विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतल्या २०१७ आणि २०१८ मधल्या अशा दहा हजारांहून जास्त केसेस तपासल्या, त्यातही हेच चित्र निघालं. जवळपास सगळ्या केसेस स्वतः ओढण्याच्या. बहुतेक गांजाच्या. पकडले गेलेले बरेचसे रोजंदारीवरचे नाहीतर फुटपाथ आणि झोपडपट्टीतले. साहजिक आहे! ज्याच्याकडे स्वतःची खोली नाही तो ओढणार उघड्यावर, आणि पोलिसांना दिसणार तोच. आपला हीरो टूबीएचकेच्या बाल्कनीत उदबत्ती लावून बसतो. (पैसेवाले कधीच अडकत नाहीत असं नाही. २०२१ च्या क्रूझ प्रकरणात एका सुपरस्टारच्या मुलाचे तीनेक आठवडे कोठडीत गेले आणि पुढच्या वर्षी एनसीबीच्या आरोपपत्रात त्याचं नावच नव्हतं. तेव्हा सगळा देश हळहळला. कुरियरवाल्यासाठी कुणी हळहळत नाही एवढंच.)

आता ‘गांजाने काय होतं यार’ या मुद्द्याकडे. याला आपल्याकडे जुना आधार आहे. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. त्यांनी हजारावर साक्षीदार तपासले, सात खंड लिहिले आणि निष्कर्ष काढला, की माफक सेवनाने फारसं नुकसान होत नाही, सरसकट बंदी नको. नेटवरचे वीडप्रेमी हे कमिशन श्रीगुरुचरित्रासारखं उघडतात. पण त्या सरकारला गांजावर महसूल मिळत होता हे विसरू नका. आणि ते ज्या गांजाबद्दल बोलत होते तो आणि आजचा बंद खोलीत दिव्यांखाली वाढवलेला हायड्रोपोनिक माल यांत नशा चढवणाऱ्या टीएचसीचा खूप फरक आहे. ताक आणि टकिला म्हणा ना!

आकडेही थोडे बघू. ‘एम्स’ने केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार (२०१९) देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतली होती. दारू पिणारे होते १६ कोटी. म्हणजे दारूचा प्रश्न कितीतरी मोठा, हे हीरोचं म्हणणं खरंच आहे. पण त्याच पाहणीत गांजा-भांगेच्या प्रॉब्लेमसाठी मदतीची गरज असलेले ७२ लाख लोकही होते. ‘काही होत नाही’ असं म्हणायला ७२ लाख जरा जास्त आहेत.

मग बाहेरचे देश काय करतात? इथे आपण दोन शब्दांचा घोळ घालतो. ‘लीगल’ म्हणजे दुकान, लायसन्स, बिल, जीएसटी. ‘डीक्रिमिनलाइज’ म्हणजे दुकान नाही, पण ओढणाऱ्यावर गुन्हाही नाही. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये पहिलं केलं. माझा मावसभाऊ टोरंटोला असतो, त्याने हौसेने दुकानाचा व्हिडिओ पाठवला. वाटलं होतं रंगीबेरंगी काहीतरी असेल. छे! साधी पाकिटं, त्यावर मोठाल्या वॉर्निंग, दारात वयाचा पुरावा, एकोणीस पूर्ण नसेल तर परत. आपल्या मेडिकल स्टोअरपेक्षा कंटाळवाणं. थायलंडने उलटा खेळ केला. २०२२ मध्ये गांजा बंदीतून काढला, नियम नंतर करू म्हणाले, रस्तोरस्ती दुकानं उगवली आणि २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद करायची वेळ आली. तिथला माल मुंबई विमानतळावर आजही पकडला जातो. आणि हो, बँकॉकच्या ऑफिस ट्रिपवरून ‘एक गमी’ सुद्धा बॅगेत आणू नका, प्लीज.

पोर्तुगालने २००१ मध्ये दुसरं केलं, तेही सगळ्याच ड्रग्जसाठी. दहा दिवस पुरेल एवढा साठा सापडला तर कोर्ट नाही. एका समितीपुढे जायचं, तिथे डॉक्टर, समाजसेवक असतात. अमेरिकेतल्या ओरेगॉनने २०२१ मध्ये तसंच करायचा प्रयत्न केला, पण उपचाराची सोय वेळेत उभी राहिली नाही, लोक वैतागले आणि २०२४ मध्ये गुन्हा परत आला. या दोन्हींकडे बघून मला एवढंच कळतं, की शिक्षा काढून टाकणं सोपं आहे. तिच्या जागी काय ठेवणार, ते अवघड.

मला विचाराल तर दुकानाची मला घाई नाही. ज्या राज्याला दारूच्या परमिटचं प्रहसन सत्तर वर्षं थांबवता आलं नाही, ते गांजाची दुकानं शिस्तीत चालवेल यावर माझा विश्वास नाही. पण ओढणाऱ्याला गुन्हेगार म्हणणं मात्र बंद व्हावं. आजच. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढायचा ठराव झाला, २७ विरुद्ध २५ मतांनी, आणि भारताने चक्क बाजूने मत दिलं. व्हिएन्नात एक आणि आपल्या नाक्यावर दुसरंच!

हे मी एवढं ताणून का सांगतेय? माझा कॉलेजमधला एक मित्र आहे. हुशार, गिटार वाजवणारा, आमच्या बॅचचा टॉपर. हॉस्टेलवर सतराव्या वर्षी सुरू झालं, इंजिनिअरिंग संपेपर्यंत रोज. चोवीसाव्या वर्षी त्याला शेजारचे आपल्याबद्दलच बोलतायत असं ऐकू यायला लागलं. मोबाइल फोडला. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली. गांजामुळेच झालं असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणत नाहीत. पण कमी वयात, रोज आणि स्ट्राँग माल घेतला तर अशा आजाराचा धोका वाढतो, हे ते स्पष्ट सांगतात.

पण मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हा आजार सुरू झाल्यावर त्याला पहिल्यांदा डॉक्टरकडे नेईपर्यंत आठ महिने गेले. काका बँकेत नोकरीला. त्यांना वाटलं, डॉक्टरला गांजाचं सांगितलं की तो पोलिसांना कळवणार, केस होणार, पासपोर्ट गेला, पोराचं आयुष्य गेलं. आठ महिने ते त्याला घरात सांभाळत बसले. ‘टायफॉइड झालाय’ असं सगळ्यांना सांगत.

काकांना कुणी सांगितलं नाही, की त्याच एनडीपीएस कायद्यात ६४-अ नावाचं कलम आहे. ओढण्याचा किंवा थोडा माल बाळगण्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि तो पूर्ण केला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. काकांच्या मुलावर तर आरोपही नव्हता. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा डॉक्टरला पेशंटची माहिती गुप्त ठेवायला बांधून घालतो, हेही त्यांना माहीत नव्हतं. एनडीपीएस आल्यानंतर वर्षभरातच, १९८६ मध्ये, डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून. तो गर्दचा काळ होता. काका पुण्यातच राहतात. येरवड्याला रिक्षाने गेले असते तरी अर्ध्या तासात पोचले असते.

मित्र आता बराय. गोळ्या चालू आहेत, वर्क फ्रॉम होम करतो, गिटार अजून हातात घेत नाही. मागच्या महिन्यात काकांना ६४-अ चं प्रिंटआउट नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, आणि मला विचारलं, ‘‘हे तेव्हाही होतं?’’