उसाच्या ट्रॉलीचा ब्रेक कोणी तपासायचा?

दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातून पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे माणसांचे लोंढे निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' या हिशेबाने मुकादमाकडून उचल घेतलेली ही कुटुंबे भांडीकुंडी, शेळ्या-कोंबड्या आणि तान्ही मुले यांच्यासह कधी ट्रकमध्ये, तर कधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात. पुढे चार-पाच महिने अशाच ट्रॉल्या त्यांनी तोडलेला ऊस कारखान्यावर नेतात आणि हंगाम सरला की त्यांना गावी परत आणतात. या सबंध काळात त्यांचे, ट्रॅक्टरचालकाचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक सायकलस्वाराचे जीवित त्या ट्रॉलीच्या ब्रेकवर अवलंबून असते. वस्तुस्थिती अशी की उसाच्या अनेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात, आणि ज्यांना असतात त्यांतील कित्येकांचे ब्रेक हंगामापूर्वी कोणी तपासलेले नसतात.

हा प्रश्न किरकोळ यांत्रिक तपशिलाचा आहे असे कोणी समजू नये. पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन-अडीच टनांच्या घरात असते. त्याच्यामागे एकापुढे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टनांच्या आसपास ऊस भरला जातो. ट्रॅक्टरचे ब्रेक सामान्यतः केवळ मागच्या दोन चाकांना असतात आणि ते मुख्यतः शेतातल्या कामासाठी योजलेले असतात. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर आपल्यापेक्षा आठ-दहा पट जड ओझे थांबविण्याचा भार या दोन चाकांवर पडतो. वेग दुप्पट झाला की थांबविण्यासाठी जिरवावी लागणारी शक्ती चौपट होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम संचालक मंडळाच्या ठरावाने बदलत नाही. उतारावर चालकाने ब्रेक दाबला की मागची ट्रॉली पुढच्या ट्रॉलीला रेटते, जोडणी हूकच्या जागी दुमडते आणि ट्रॅक्टर रस्त्यात आडवा होतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'चालकाचा ताबा सुटल्याने' असे छापून येते. ताबा ठेवण्याचे साधनच ज्याच्या हाती दिलेले नव्हते, त्याच्याकडून तो 'सुटला' असे म्हणणे हा कष्टकऱ्यावर केलेला दुहेरी अन्याय आहे.

युरोपात सहलीला निघालेला गृहस्थ आपल्या मोटारीमागे फिरते घर जोडतो तेव्हा त्या घराचे भारासह कमाल वजन साडेसातशे किलोंच्या वर असेल तर त्याला ब्रेक असलेच पाहिजेत, असा नियम आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत ही मर्यादा तीन हजार पौंड, म्हणजे सुमारे १,३६० किलो आहे. तेथील जाणता मनुष्य सुटीच्या प्रवासापूर्वी त्या फिरत्या घराचे ब्रेक तपासून आणि जुळवून घेतल्याशिवाय निघत नाही. मौजेच्या प्रवासाला जी दक्षता आवश्यक मानली जाते, ती दहा-दहा टन ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीला आणि तिच्यावर बसून पोटासाठी निघालेल्या कुटुंबाला नाकारली जाते.

आणि ही दक्षता काही अवघड नव्हे. ट्रॉलीचे चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे. ब्रेक लावल्यावर ते लगेच अडते की नाही आणि सोडल्यावर मोकळे फिरते की नाही हे पाहावे. लायनर झिजले असतील वा त्यांना ग्रीस लागले असेल तर ते बदलावेत. शू आणि ड्रम यांतील अंतर असे जुळवावे की दोन्ही बाजूंची चाके सारखीच धरली जातील, कारण एकच बाजू धरणारा ब्रेक ट्रॉलीला आडवी खेचतो. हवेवर चालणारे ब्रेक असतील तर नळ्यांतून गळती होत नाही याची खात्री करावी. हूकची पिन, तिची खिटी आणि पिन तुटल्यास ट्रॉलीला धरून ठेवणारी साखळी पाहावी. ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या चाकांची पेडले शेतात वळण्यासाठी वेगवेगळी ठेवलेली असतात. रस्त्यावर येण्यापूर्वी ती एकमेकांना जोडली पाहिजेत, नाहीतर घाईत एकच पेडल दाबले जाते आणि ट्रॅक्टर एका अंगाला झटकन वळतो. शेवटी मोकळ्या मैदानात आधी रिकामी आणि मग भरलेली ट्रॉली हळू चालवून ती किती अंतरात थांबते ते मोजावे. या साऱ्याला एक दिवसदेखील लागत नाही. मग हे होत का नाही?

ते होत नाही, याचे कारण चालकाचे अज्ञान नसून वाहतुकीच्या मोबदल्याची पद्धत आहे. वाहतुकीचे बिल टनावर आणि अंतरावर निघते. ट्रॉलीत जितका ऊस अधिक आणि दिवसात खेपा जितक्या जास्त, तितके पैसे अधिक. ब्रेक तपासण्यात गेलेल्या दिवसाला या हिशेबात स्थान नाही. ट्रॅक्टरमालकाच्या डोक्यावर बँकेचा हप्ता असतो, मजुरांना दिलेली उचल वसूल व्हायची असते आणि चालक रात्रीचा दिवस करीत असतो. उतारावर डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढून गाडी सोडण्याची जीवघेणी सवयही याच टंचाईतून जन्मते. भार वाहिल्याबद्दल पैसे आणि सावधपणाबद्दल काहीच नाही, अशी ही व्यवस्था आहे.

कारखान्यांना यंत्राची तपासणी ठाऊक नाही असे मात्र नाही. गाळप सुरू होण्यापूर्वी गिरणीची खोलखोल दुरुस्ती होते. बॉयलरची तपासणी आणि त्याचे प्रमाणपत्र १९२३च्या कायद्यापासून या देशात बंधनकारक आहे. बॉयलर कारखान्याची मालमत्ता आहे, ट्रॉली दुसऱ्याची आहे आणि तिच्यावरचा मजूर तर कोणाचाच नाही! शिवाय अतिभाराची आपल्याला कल्पना नव्हती, असे म्हणण्याची सोय कारखान्याला उरलेली नाही. प्रत्येक ट्रॉली त्याच्याच वजनकाट्यावरून आत जाते आणि रिकामी होऊन त्याच काट्यावरून बाहेर पडते. मर्यादेपेक्षा अधिक वाहिलेल्या प्रत्येक खेपेचा लेखी पुरावा कारखान्याच्या दप्तरात असतो. २०२१-२२च्या हंगामात राज्यात १३ कोटी टनांहून अधिक ऊस गाळला गेला. त्या प्रत्येक टनाची नोंद झाली, पण तो वाहणाऱ्या चाकांच्या ब्रेकची नोंद कोठे आहे?

मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम १९० या बाबतीत पुरेसे स्पष्ट आहे. साधी काळजी घेतली असती तर लक्षात आला असता असा धोकादायक दोष असलेले वाहन वा ट्रेलर चालविणारा तर दोषी आहेच, पण ते चालवावयास लावणारा किंवा चालवू देणाराही दोषी आहे. वाहतुकीचा करार करणारा आणि आपल्या फाटकातून ट्रॉली आत घेणारा कारखाना या शब्दांच्या बाहेर राहतो, असे मानणे न्यायबुद्धीला धरून होणार नाही.

यावर आक्षेप येईल की ब्रेक बसविण्याचा खर्च लहान ट्रॅक्टरमालकाला झेपणार नाही. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच हा खर्च त्याच्यावर टाकता कामा नये. तोडणी व वाहतुकीचा खर्च ऊसउत्पादकाच्या देण्यातून वजा केला जातो. ज्या वाहतुकीचे पैसे शेतकरी मोजतो ती निर्धोक असावी, ही मागणी त्याचीही आहे. येथे शेतकरी, चालक आणि मजूर यांचे हित एकच आहे.

तेव्हा आपल्या मागण्या निःसंदिग्ध असाव्यात. मोळी टाकण्यापूर्वी प्रत्येक कारखान्याने आपल्या आवारात, आपल्या खर्चाने, करारातील प्रत्येक ट्रॅक्टर व ट्रॉलीचे ब्रेक तपासून जुळवून द्यावेत. त्या दिवसाचा मोबदला चालकाला मिळावा. ज्या ट्रॉलीला ब्रेक नाहीत तिला ते बसविण्यासाठी कारखान्याने अर्थसाहाय्य द्यावे. तपासणीचा दाखला नसलेली ट्रॉली काट्यावर घेऊ नये आणि मर्यादेवरील वजनाचे बिल काढू नये, म्हणजे अतिभाराचा मोहच उरणार नाही. मजूर कुटुंबांना नेण्या-आणण्यासाठी ट्रॉली नव्हे, तर बस द्यावी.

पुण्याच्या हमाल पंचायतीने हमालाच्या पाठीवरचे पोते हलके व्हावे म्हणून झगडा केला, तेव्हा 'ओझे किती असावे हा बाजाराचा प्रश्न आहे' असेच सांगितले जात होते. माणसाच्या पाठीवर किती ओझे असावे हा समाजाचा प्रश्न आहे, हे त्या लढ्याने प्रस्थापित केले. ट्रॉलीवरचे ओझे आणि तिचा ब्रेक हाही तसाच प्रश्न आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील कारखान्याच्या कार्यालयात जाऊन एवढेच विचारावे: किती ट्रॉल्यांचे ब्रेक तपासले, त्याची वही दाखवा. वही नसेल, तर लढ्याची सुरुवात तेथूनच करावी.