कवीच्या हातीं कुदळ

"शिकला नाहींस, तर शेतांत राबशील," हें वाक्य वर्धा जिल्ह्यांतील पुष्कळ मुलांच्या कानीं घरींच पडतें. तें बोलणाऱ्या मायबापांस दोष देववत नाहीं. पावसाच्या लहरीची झळ कपाशी पेरणाऱ्यानें पुरेपूर सोसलेली असते. परंतु विद्या आणि माती यांचें जें वैर या वाक्यांत गृहीत धरलें आहे, तें आमच्या मतें खरें नव्हे.

कवि ना. धों. महानोर यांचेंच उदाहरण घ्या. १९४२ सालीं अजिंठ्याच्या डोंगराळ मुलखांतील पळसखेड गांवीं त्यांचा जन्म झाला. जळगांवच्या महाविद्यालयांतील शिक्षण अर्धवट सोडून ते शेतावर परतले, आणि १९६७ सालीं त्यांच्या 'रानातल्या कविता' प्रसिद्ध झाल्या. पुढें पद्मश्री मिळाली, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, विधान परिषदेचें सदस्यत्व लाभलें. तरी २०२३ सालीं निधन होईपर्यंत शेतीशीं त्यांचें नातें तुटलें नाहीं.

परदेशांतही असेंच एक उदाहरण सांपडतें. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील ॲपलडोर नांवाच्या खडकाळ बेटावर सिलिया थॅक्सटर (१८३५–१८९४) ही कवयित्री पन्नास फूट लांब व पंधरा फूट रुंद अशी लहानशी बाग करीत असे. कोवळीं रोपें गोगलगाई फस्त करीत. म्हणून तिनें त्यांचा फडशा पाडण्यास मुख्य भूमीवरून बेडूक आणविले! कोणतें रोप केव्हां मान टाकतें, हें पाहण्याची ज्या डोळ्यास संवय झाली, तोच डोळा कवितेंत अचूक शब्द निवडतो.

प्रत्येकानें शेतकरीच व्हावें, असें आमचें म्हणणें नाहीं. कवितेनें सावकाराचें कर्ज फिटत नाहीं, हेंही आम्ही जाणतों. परंतु हस्तव्यवसायास शिक्षणाच्या केंद्रस्थानीं ठेवणारी योजना १९३७ सालीं याच वर्ध्यास मांडली गेली. येथील मुलांस तरी कुदळीची लाज वाटूं नये. यास्तव आमची सूचना एवढीच कीं, प्रत्येक विद्यार्थ्यानें वर्षभर एक वाफा सांभाळावा आणि त्याची रोजनिशी शुद्ध मराठींत लिहावी. पालकांनींही त्या वहीस गणिताच्या वहीइतकाच मान द्यावा. पेरणाऱ्याचा दाखला आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. खडकावर पडलेल्या बियाचें काय होतें, तें प्रत्येक मुलानें एकदां स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें पाहिजे.