जुन्या नौकेचा घसारा

खरेदीची किंमत हा खर्चाचा केवळ आरंभ असतो, हे जुन्या शिडाच्या नौकेच्या मालकाला लवकरच उमगते. इंग्लंडमधील लिमिंग्टन येथे 1970 च्या दशकात बांधलेल्या ‘कॉन्टेसा 32’ नौका आजही समुद्रात आहेत. 1979 च्या फास्टनेट शर्यतीतील वादळात 15 स्पर्धक दगावले. सर्वांत लहान नौकांच्या वर्गात केवळ एक कॉन्टेसा शर्यत पुरी करू शकली. मात्र ती कीर्ती डोलकाठीच्या झिजलेल्या तारा सांभाळत नाही. वरून धडधाकट दिसणारी तारही मुदतीत बदलावी लागते. कोणती तार, कोणती झडप आधी दगा देते, हे मालक आपल्या संघटनेत एकमेकांना मोकळेपणाने सांगतात. घसाऱ्याची वेळेवर तरतूद आणि अनुभवाची खुली खतावणी, या दोन्ही सवयी पेढीलाही तारतात.