मृत्यू चालतो, शोक चालत नाही

बालवाङ्मयात मृत्यू नको, असे म्हणणारा एक मोठा वर्ग आपल्याकडे आहे. त्यात पालक आहेत, शिक्षक आहेत, प्रकाशक आहेत. आणि खेदाची गोष्ट ही, की समीक्षकही आहेत. कोवळ्या मनावर आघात होतो, हा त्यांचा युक्तिवाद. तो तपासायचा तर याच मंडळींच्या घरातील मुलांच्या फडताळात डोकावावे. तिथे चक्रव्यूहात एकटा सापडलेला अभिमन्यू असतो, दशरथाच्या बाणाने पाण्याकाठी कोसळलेला श्रावण असतो. १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’तून असली मरणे रंगीत चित्रांसह पिढ्यांनी पाहिली. त्यामुळे कोणाचे कोवळे मन करपल्याची तक्रार ऐकू आलेली नाही. तेव्हा आक्षेप मृत्यूला नाहीच. वीराचे मरण चालते, दुष्टाचे तर हवेच असते. चालत नाही ते एवढेच, की शेजारच्या खोलीतली आजी एका सकाळी उठली नाही आणि आता दुपारी कोणाच्या कुशीत झोपावे हे नातवाला कळत नाही.

यावर आपल्या कुटुंबसंस्थेचा दाखला देण्यात येतो. असली पुस्तके ही एकाकी पाश्चात्त्य मुलाची गरज. आपल्या भरल्या घरात दुःख वाटून घेतले जाते, असे सांगतात. वस्तुस्थिती काय आहे? घरात मृत्यू झाला की लहान मुलाला शेजाऱ्यांकडे पाठवतात. त्याने विचारलेच तर ‘देवाघरी गेली’ हे दोन शब्द. दहाव्या-तेराव्याच्या धांदलीत थोरल्या मुलाला काम असते, सुनांना काम असते. सहा वर्षांच्या नातवाला ‘जा, बाहेर खेळ’ याखेरीज काहीही नेमून दिलेले नसते. वाटून घेतले जाते ते मोठ्यांचे दुःख. पिंडाला कावळा शिवेना म्हणून मंडळी ताटकळत उभी राहतात. चिऊ-काऊच्या गोष्टीतला, शेणाचे घर वाहून गेलेला तो कावळा आज आजीच्या भाताकडे का फिरकत नाही, हे कोडे त्या मुलाला पडल्यावाचून कसे राहील? चित्रपुस्तकाला याहून अस्सल मराठी विषय शोधून सापडणार नाही. तो आपण हाती घेत नाही.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. धाकट्या भावाचे आणि पुढे आईचे मरण तिच्यात आहे. या पुस्तकाचा आपण आदर केला, पण धडा भलताच घेतला: शोक म्हणजे अश्रू, आणि अश्रू म्हणजे संस्कार. शिवाय ते दुःख मोठा झालेला श्याम सांगतो. दुःखाला शब्द नसलेल्या वयाचे काय, हा प्रश्न तसाच राहिला. आणि चित्राचे काम नेमके तिथे सुरू होते.

जॉन बर्निंगहॅम यांचे ‘ग्रॅन्पा’ हे पुस्तक १९८४ चे. आजोबा आणि नात यांचे तुटक, पुष्कळदा एकमेकांशी न जुळणारे बोलणे, एवढाच त्याचा मजकूर. शेवटाकडे आजोबा आजारी असल्याची चाहूल लागते. पान उलटावे तर समोर हिरवी खुर्ची, रिकामी. बाजूला तिच्याकडे पाहणारी नात. शब्द एकही नाही. मरणाची वार्ता सांगणारे वाक्य पुस्तकात नाही. ती पान उलटण्याच्या क्रियेत आहे. असा आशय ‘सजावट’ या शब्दात मावत नाही. आपल्या पुस्तकांवर मात्र चित्रकाराचे नाव अजूनही त्याच शब्दापुढे छापण्याची रीत आहे. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका स्वतःच चित्रे काढतात तेव्हा चित्र आणि मजकूर एका श्वासात येतात. एरवी लेख आधी तयार होतो आणि चित्रे मागून डकवली जातात. अशा पद्धतीने रिकामी खुर्ची जन्माला येणार नाही.

त्याच १९८४ साली सुसान व्हार्ली यांचे बिज्जूच्या मृत्यूवरील पुस्तक आले. ते अधिक लोकप्रिय आहे, आणि माझ्या मते कमी प्रामाणिक. गेलेल्या बिज्जूने कोणाला काय शिकवले याची मित्र आठवण काढतात आणि बर्फ वितळावे तसे दुःख वितळते. हिशेब फार नीट जुळतो. मायकेल रोझेन यांचा मुलगा १९९९ मध्ये मेंदूज्वराने गेला. २००४ च्या त्यांच्या ‘सॅड बुक’मध्ये असा हिशेब नाही. क्वेंटिन ब्लेक यांनी पहिल्याच पानावर हसणारा माणूस काढला आहे, आणि मजकूर सांगतो की तो हसण्याचे सोंग करतो आहे. शब्द आणि चित्र परस्परांना खोटे पाडतात, त्यातून खरे हाती लागते. वोल्फ एर्लब्रुख यांच्या २००७ च्या जर्मन पुस्तकात तर मृत्यू स्वतःच पात्र आहे: चौकड्यांचा झगा, कवटीचा चेहरा. गारठलेल्या त्या मृत्यूला बदक आपल्या अंगाची ऊब देते. आपल्या नचिकेत्याला हे चित्र परके वाटले नसते.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींविषयी. समुपदेशनाच्या उत्साहात या पुस्तकांना औषधाच्या बाटल्या समजणारे अलीकडे वाढले आहेत, विशेषतः २०२० आणि २०२१ च्या महासाथीत अनेक घरांतली माणसे गेल्यानंतर. अमुक मरणासाठी अमुक पुस्तक, वाचनानंतर विचारावयाचे पाच प्रश्न! हा जुन्या बोधवादाचाच नवा अवतार आहे. ज्याच्या घरी सर्व जण धडधाकट आहेत अशा मुलानेही ‘ग्रॅन्पा’ वाचावे, कारण ते उत्तम पुस्तक आहे; दुःखाची पूर्वतयारी व्हावी म्हणून नव्हे.

प्रकाशक म्हणतात, वाढदिवसाला भेट देता येत नाही असे पुस्तक खपत नाही. हे खरे आहे. मुलांच्या पुस्तकाचा ग्राहक मोठा माणूस असतो, आणि तो आपल्या भीतीच्या मापाने पुस्तक निवडतो. म्हणूनच हे काम ग्रंथालयांकडे येते. चेन्नईच्या ‘तूलिका’ने ‘गॉन ग्रँडमदर’ काढले तशी पुस्तके मराठीत आली तर त्यांनी ती आधी विकत घ्यावीत; आणि ती मानसशास्त्राच्या कपाटात बंद न करता, मुलांचा हात पोचेल अशा खालच्या फळीवर, अभिमन्यूच्या शेजारी ठेवावीत.